यादगिरीचा डबा अजून चालू आहे

दिगंबरराव गेल्याची बातमी मला त्यांच्या घरून कळली नाही. मला कळवावं, असं नातं मी त्या घराशी ठेवलंही नव्हतं. रविवारी दुपारी यादगिरीचा फोन आला. यादगिरी म्हणजे हैदराबादमधल्या कुकटपल्लीतला, आमच्या भागाचा केबलवाला. त्याची वायर माझ्या घरात येते, त्यामुळे मला वाटलं कनेक्शनचं काहीतरी असेल. तो म्हणाला, "साब, हर महिने पहले इतवार को दिगंबर साब का फोन आता. आज नै आया. मैं लगाया तो मैडम उठाए..." मग म्हणाला, "जुमेरात को गए बोले. आपकू मालूम नै?"

गुरुवारी गेले होते, आणि मला माहीत नव्हतं. ज्या माणसाबरोबर मी उमेदीची वर्षं एका पत्र्याच्या शेडमध्ये काढली, तो माणूस गेल्याचं मला त्याच्या गिऱ्हाइकानं सांगितलं, आणि तेही त्याच्या फोनची वाट पाहून झाल्यावर. त्याला आता सहा आठवडे झाले. या पुरवणीसाठी चार ओळी लिहाव्यात म्हणून मी रोज बसतो आणि रोज उठतो. रडू येतं म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर थकवा येतो. बारा-तेरा वर्षं एखादं ओझं सवयीनं वाहिलं, की ते उतरवायचं कुठं हेही सुचत नाही.

पुण्याहून मी हैदराबादला आलो तो एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात नोकरीला. दिगंबरराव तिथं टीव्हीच्या विभागात होते, माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझी थाळी पाहत म्हणाले, "तुमी पुण्याचे का? मग तर बोलायची भीतीच वाटू लागली बा." त्यांचं घराणं उदगीरकडचं, शेतीवालं. वडील निजामाच्या काळात शिकायला म्हणून हैदराबादला आले आणि विद्यानगरात घर करून राहिले. दिगंबररावांची शाळा मराठीत झालीच नव्हती. मराठी पेपर ते ओठ हलवत वाचायचे. 'हौ' आणि 'नक्को' या दोन शब्दांवर त्यांचा अर्धा संसार चालायचा. मी त्यांच्या मराठीला हसायचो आणि ते माझ्या मराठीला. महिन्याभरात अहोजाहो फक्त माझ्याकडून उरलं. मी त्यांच्यासाठी 'पुणेकर' झालो, तो शेवटपर्यंत.

त्या कारखान्यात एक पद्धत होती. प्रत्येक टीव्हीच्या मागच्या झाकणात, आतल्या बाजूनं, त्याच्या सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. गावोगावच्या मेकॅनिकला दुरुस्ती करता यावी, एवढाच त्याचा उद्देश. आम्हा सगळ्यांना तो कारखान्याचा एक कागद वाटायचा. दिगंबररावांना तो माणुसकीचा भाग वाटायचा. नकाशा तिरका चिकटवलेला दिसला की ते तो स्वतः काढून पुन्हा लावत. म्हणायचे, "ज्याच्या घरात वस्तू, त्याला तिच्या पोटात काय आहे ते दिसलं पाहिजे. नाहीतर ती त्याची कशी झाली?"

मग आयातीचे दरवाजे उघडले. बाहेरचे टीव्ही दुकानांत आले, आमचे गोदामात राहू लागले, आणि कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचं वारं आलं. त्याच दरवाजातून आणखीही काही आत आलं. ज्या चिपांसाठी पूर्वी परवान्याच्या फायली वर्षभर फिरायच्या, त्यांचे जाडजूड कॅटलॉग आता कुरिअरनं घरी येऊ लागले. दिगंबरराव ते कॅटलॉग दिवाळी अंकासारखे उशाशी घेऊन झोपत, असं त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, सांगायच्या. एक दिवस त्यांनी मला कारखान्याच्या फाटकाबाहेर गाठलं. "पुणेकर, नोकरी सोडू लागलो मी. तू येतो का?" मी गेलो. कुकटपल्लीत, एका लेथवाल्याच्या शेजारी, आम्ही शेड घेतलं.

आम्हाला बनवायचा होता एक डबा. त्या काळात केबलवाले व्हीसीआरवर कॅसेट लावून सिनेमे दाखवायचे. कॅसेट झिजलेली असली की चित्र थरथरायचं. पडद्याच्या वरच्या भागात तर नायकाचं डोकंच एका बाजूला वाकायचं. आमचा डबा हे चित्र स्थिर करणार होता आणि खालच्या पट्टीत अक्षरं उमटवणार होता, कुठल्याही लिपीतली: साड्यांच्या दुकानाची जाहिरात तेलुगूत, दवाखान्याची उर्दूत, आणि दिगंबररावांचा हट्ट म्हणून मराठीतसुद्धा. "मराठीत जाहिरात कोण देणार इथं?" मी विचारलं. "कुणी नाही. पण द्यावी वाटली तर?"

डब्याचं झाकण त्यांनी सगळ्यात आधी बनवून घेतलं. आत कुठली चिप बसणार हे ठरायच्याही आधी. झाकणाच्या आतल्या अंगाला पत्र्याचे चार छोटे कान दुमडलेले होते. त्यात नकाशाचा कागद सरकवायचा. हा नकाशा कुणीही पाहावा, उतरवून घ्यावा, वाटलं तर स्वतःचा डबा बनवावा. हे ऐकून लेथवाला म्हणाला होता, "फिर आपका धंदा कैसे चलता साब?" दिगंबरराव म्हणाले, "त्याला बिघडल्यावर समजलं पाहिजे ना, आपण काय केलं ते." लेथवाल्याला उत्तर कळलं नाही. मलाही तेव्हा फारसं पटलं नव्हतं.

आमचं भांडण झालं ते चिपवरून. टेबलावर दोन पर्याय होते. एक तयार चिप होती, एका परदेशी कंपनीची, चित्राच्या कामासाठीच घडवलेली. ती वेगवान होती आणि लावली की काम सुरू. मात्र तिची पूर्ण माहिती हवी असेल तर कंपनीच्या गुप्ततेच्या करारावर सही करायची अट होती. तिच्या जोडण्यांचा नकाशा कुणाला दाखवायचा नाही. दुसरी होती प्रोग्रॅम करता येणारी सिग्नल प्रोसेसर चिप. मुळात ती टेलिफोन आणि आवाजाच्या कामांसाठी निघालेली, आणि नुसतं पत्र टाकलं तरी तिचं सगळं पुस्तक घरपोच यायचं. तिला चित्राचं काही कळत नव्हतं. ते आपण प्रोग्रॅम लिहून शिकवायचं. जे आपण शिकवलं ते आपलं, ते आपण कुणालाही सांगू शकत होतो.

"ही पुरी पडणार नाही," मी म्हणायचो. "पडद्यावरच्या एका ओळीला चौसष्ट मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात ही शेकडो ठिपके कधी मोजणार?"

"ठिपके मोजायला कोण सांगू लागलं तुला? डोकं का वाकतं सांग. ओळ उशिरा सुरू होते म्हणून. मग ओळ कुठं सुरू झाली तेवढंच हिनं पाहायचं आणि तिला जागेवर आणून सोडायचं. पुढचे ठिपके येतात की मागून, मेंढरासारखे."

हे खरोखर सुंदर होतं. मला त्याच क्षणी कळलं होतं की ते सुंदर आहे, आणि म्हणूनच मी जास्त चिडलो. "आणि अक्षरं? ती कोण काढणार? तीही हीच? एका हातानं मेंढरं आणि दुसऱ्या हातानं जाहिरात?"

"जमेल."

"कधी जमेल दिगंबरराव? बाजार थांबणार आहे का? दुसऱ्याची तयार चिप घ्यायला लाज कसली? कंपन्या असंच करतात आता. ते त्यांचं गुपित आहे."

"गुपित?" ते झाकण उचलून माझ्यासमोर धरत म्हणाले. "मग इथं काय लावू? तुझा फोटू?"

शेडमध्ये आमचा एक नियम होता. दोघांनीही 'हो' म्हटल्याशिवाय काहीच मागवायचं नाही. नियम त्यांचाच. त्यामुळे कित्येक आठवडे काहीच मागवलं गेलं नाही. आम्ही तेच ते बोलत राहिलो. मग एका सकाळी ते आले, जेवणाचा डबा खिळ्याला अडकवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लाव तुझी चिप. हौ म्हणू लागलो मी." एवढंच. वाद नाही, अटी नाहीत. त्या दिवसांत माझी मुलगी नुकतीच जन्मली होती. रात्रीच्या जागरणानं डोळे लाल करून मी शेडवर जायचो. मला वाटलं, त्यांनी ते पाहिलं आणि माझ्यासाठी, माझ्या घरासाठी माघार घेतली. मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण 'हो' मला हवंच होतं.

कराराचे कागद आले तेव्हा त्यांनी प्रत्येक पान वाचलं. शेवटी विचारलं, "हे किती दिवस पाळायचं? तारीख दिसत नाही." मी म्हणालो, "तारीख नाहीच." "म्हणजे जन्मभर," असं म्हणून त्यांनी सही केली. माझी सही त्यांच्या खाली आहे. माझ्यासाठी ती एक औपचारिकता होती. त्यांच्यासाठी ती सही होती.

डबे बनले आणि चांगले बनले, हे सांगायला हवं. पहिला डबा आम्ही यादगिरीकडे लावला. त्याच्या छोट्या खोलीत टीव्हीवर नायकाची मान ताठ झालेली पाहून तो ओरडला होता, "अरे, सीधा हो गया रे!" खालच्या पट्टीवर त्याच्या मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा तेलुगूत सरकत होत्या. दिगंबररावही हसले. पण झाकण लावताना त्यांनी ते चार रिकामे कान अंगठ्यानं दाबून पाहिले, तेही मी पाहिलं.

दोनेक वर्षांत कंपनीनं ती चिप बनवणं बंद केलं. कळवलं तेही एका ओळीत. त्या चिपभोवती उभं केलेलं आमचं सगळं तिथंच संपलं. शेड सोडताना मी त्यांना सांगितलं की मला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी मिळते आहे. ते म्हणाले, "जा. पोरगी लहान आहे." त्या चार शब्दांनी माझी समजूत कायमची पक्की झाली. त्यांनी माझ्यासाठी 'हो' म्हटलं होतं, माझ्यामुळे सगळं बुडालं होतं, आणि तरी ते मला जायला सांगत होते. इतक्या चांगुलपणासमोर पुन्हा उभं राहवत नाही. मी उभा राहिलो नाही. कंपनीची बस शेडच्या रस्त्यावरून जायची, तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचो. दिवाळीला फोन, पुढे दिवाळीला मेसेज, पुढे तेही नाही.

त्यांचं पुढचं मला यादगिरीकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. विद्यानगरच्या घराच्या पुढच्या खोलीत ते टीव्ही दुरुस्त करत. आणि आमचा विकलेला प्रत्येक डबा बिघडला की त्यांच्याकडेच येई, कारण दुसरा कुणी तो उघडून काही समजूच शकत नव्हता. नकाशा नव्हता ना. दुसऱ्या मेकॅनिकला नकाशा काढून द्या, असं लोकांनी सुचवलं, तर म्हणत, सही केली आहे. ती परदेशी कंपनी दुसरीनं गिळली, मग तिसरीनं, तरी हे म्हणत, सही केली आहे. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तिला बाळ झालं, सुमनवहिनी पुण्यात राहायला जायचं म्हणू लागल्या. यांचं उत्तर एकच, डबे आहेत अजून लोकांकडे. नकाशा दिला नाही म्हणजे नकाशा आपणच.

मग त्यांनीच त्यातून वाट काढली. मधल्या काळात सिग्नल प्रोसेसर चिपा फार वेगवान झाल्या होत्या. त्यांनी तसल्या एका चिपेचं छोटं बोर्ड बनवलं, आमच्याच डब्यात बसेल असं, आणि आमच्या शेडमधला तो मेंढरांचा प्रोग्रॅम पुन्हा लिहून काढला. डबा बिघडून आला की तयार चिप काढायची आणि हे बोर्ड बसवायचं. त्यात कुणाचं गुपित नव्हतं. त्याचा नकाशा झाकणातल्या चार कानांत सरकवायचा आणि डबा परत द्यायचा. चालत्या डब्याला मात्र ते हात लावत नसत. लोकांचं चालू चित्र आपल्या हौसेसाठी बंद पाडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. एकेक करत डबे आले, उघडे होऊन गेले. जे आले नाहीत ते भंगारात गेले असणार. एकच चालू उरला. यादगिरीचा. आम्ही लावलेला पहिला डबा, मी निवडलेल्या चिपवर चालणारा. तो काही केल्या बिघडेना.

म्हणून तो दर महिन्याचा फोन. यादगिरी हसून सांगायचा, "साब मेरे डब्बे के मरने की दुआ करते. मैं बोला, साब, अपने हाथ की चीज को ऐसी बद्दुआ कायकू?" त्यावर दिगंबरराव म्हणत, "हौ रे, चंगा है, चलने दे. फिर भी... थोडी आवाज-वावाज आती क्या?" मला हे ऐकून हसू यायचं. पण लगेच लक्षात यायचं, माझी चिप चालत होती म्हणून तो माणूस इथं थांबला होता.

बातमी कळल्यानंतरच्या आठवड्यात मी विद्यानगरला गेलो. पुढच्या खोलीत सोल्डरचा वास अजून होता. सुमनवहिनींनी चहा दिला. मुलगी पुण्याहून आलेली होती, ती आत सामान बांधत होती. घर विद्यापीठातल्या मुलांना भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. मी बोलायला लागलो आणि मला थांबता येईना. चिपवरून झालेला वाद, माझी मुलगी, त्यांची माघार, त्यांचं इथं अडकून पडणं, सगळं माझ्यामुळे झालं, असं मी वहिनींसमोर बोलून गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी कप उचलले आणि म्हणाल्या, "भावजी, एक सांगू? राग नका मानू. तुमी काही एवढे मोठे नव्हता त्यांच्यासाठी."

कप तसेच हातात धरून त्या सांगू लागल्या.

"त्यांनी ती दुसरी चिप इथं घरी आणून लावली होती. ह्याच टेबलावर. तुम्हाला सांगितलं नव्हतं, जमलं की दाखवीन म्हणे. चित्र सरळ यायचं. खाली अक्षरं आली की फाटायचं. महिनाभर बसले. एक दिवस मला म्हणाले, पुणेकर बरोबर म्हणू लागला, ही दमायली. दुसऱ्या दिवशी तुम्हाला हौ म्हणून आले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"आता ते कसं सांगतील? एवढं भांडले होते तुमच्याशी." वहिनी पहिल्यांदा थोडं हसल्या. "लाजले असतील. आणि मग तुमी येणंच बंद केलं. त्यांना वाटायचं, पुणेकर हुशार आहे, आपलं खोटं त्याला कळलं असणार, म्हणून येत नाही."

एवढी वर्षं मी त्यांना टाळत होतो ते त्यांचा चांगुलपणा सोसवत नाही म्हणून, आणि ते मला हाक मारत नव्हते ते त्यांचा हट्ट उघडा पडेल म्हणून. ओझं उतरल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. एका चिपेला त्या वेळी वेग कमी पडला, एवढीच गोष्ट होती. ती दोघांपैकी कुणी एकानं चहा पिताना सांगितली असती, तर माझी बसमधली खिडकी बदलली असती... मी टेबलाकडे पाहत बसून राहिलो.

निघताना वहिनींनी मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक बोर्ड दिलं. सोबत घडी केलेला नकाशा. "हे यादगिरीचं. करून ठेवलं होतं, आला की लावायला. तुमी घेऊन जा. पुण्याला नेऊन मी काय त्याचं लोणचं घालू?"

मी थेट यादगिरीकडे गेलो. म्हटलं, आत्ताच बदलून टाकू, एकदाचं संपवू. त्याच्या खोलीत आता कॅसेटींच्या जागी सीडी आहेत, पण खालची पट्टी आमच्याच डब्यातून सरकते. यादगिरीनं माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि डब्यावर हात ठेवला. "नक्को साब. चल रहा है. दिगंबर साब ने भी चलते को कभी हाथ नै लगाया." त्याचं बरोबर होतं. मी पिशवी घेऊन घरी आलो.

ते बोर्ड आता माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. नकाशा मी रोज थोडा थोडा वाचतो. इतकी वर्षं फक्त बैठका घेतल्यामुळे अर्ध्या खुणा विसरलो होतो, त्या परत शिकतो आहे. खाली कोपऱ्यात त्यांच्या वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलंय, 'कुणीही वापरा'. हा लेख त्यांनी ओठ हलवत वाचला असता आणि मधेच म्हणाले असते, किती लांबवू लागला बा.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मी यादगिरीला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यानं उचलला, म्हणाला, "बोलो साब, कनेक्शन में कुछ?"

"नहीं," मी म्हणालो. "डब्बा कैसा है?"

तो हळूच म्हणाला, "चल रहा साब. एकदम चंगा."

"कुछ आवाज-वावाज?"

"कुछ नै साब."

"ठीक है. अगले महिने करता."

"करो साब," यादगिरी म्हणाला. "मैं उठाता."